कंटूरवाले दाजी

रस्ता विचारणं हा आमच्या दाजींच्या लेखी गुन्हा आहे. साताऱ्यात असतानाही ते कधी पानटपरीपाशी गाडी थांबवायचे नाहीत. "विचारत विचारत पोचायला आपण काय कुणाच्या सत्यनारायणाला निघालोय?" लग्नानंतर ताईला ठोसेघरचा धबधबा दाखवायला नेलं आणि दाखवला भलताच. "तोही चांगलाच होता की," असं ते अजून म्हणतात.

पुढे नोकरीनं त्यांना स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला नेलं आणि तिथे ओरिएंटियरिंग नावाचा खेळ भेटला. हातात नकाशा आणि होकायंत्र. जंगलात ठिकठिकाणी टांगलेली वीतभर नारिंगी-पांढरी निशाणं ठरल्या क्रमानं गाठायची, तीही स्वतःच्या अकलेनं. ज्या सवयीपायी जन्मभर बोलणी खाल्ली, तिच्या या देशात स्पर्धा भरतात म्हटल्यावर माणूस हरखणारच.

आता ते कट्टर स्वीडिश झालेत. पहिली जाहीर स्पर्धा १८९७ साली ऑस्लोजवळ झाली हे त्यांना मान्य आहे, पण खेळाचे जनक म्हणायचे ते मेजर अर्न्स्ट किल्लांडर, आणि किल्लांडर स्वीडनचे! हे ते मुद्दाम नॉर्वेत जाऊन नॉर्वेच्याच लोकांना ऐकवतात. तशी संधी दर ईस्टरला मिळते, कारण सुट्टीत सगळं घर लिलेहामरजवळच्या श्यूश्योएनला लाकडी केबिनमध्ये मुक्कामाला असतं. बाकीची मंडळी तिथे स्की करायला आणि भिंतीला पाठ टेकून उन्हात संत्री, चॉकलेट खायला येतात. दाजी सरावाला येतात.

सराव परक्या देशातच का? "ओळखीच्या जंगलात पायच वाट काढतात. डोकं सुस्तावतं." आणि बर्फातच का? याचं उत्तर लांबतं, आणि खरं सांगायचं तर पटतंही. बर्फ पडला की पायवाट, ओढा, दलदल, लहानमोठे धोंडे, सगळं गाडलं जातं. उरतो फक्त जमिनीचा चढउतार, म्हणजे नकाशावरच्या तपकिरी कंटूर रेषा, दर पाच मीटर उंचीला एक. "कंटूर खोटं बोलत नाही," हे त्यांचं ब्रीद. ते त्यांनी भावकीतल्या जमिनीच्या वादातही ऐकवलंय आणि दाताच्या डॉक्टरलाही.

तरी बर्फ त्यांना पुरून उरतो. या नकाशावर पांढरा रंग म्हणजे सहज पळता येईल असं जंगल. दाजी त्या पांढऱ्यात आत्मविश्वासानं शिरतात आणि बाहेरच्या पांढऱ्यात मांडीपर्यंत रुततात. आपण आहोत तिथे नकाशावर अंगठा ठेवून तो पुढे सरकवत जायचं, असा या खेळाचा रिवाज. पण एकास दहा हजारच्या नकाशावर जाड हातमोज्यातला अंगठा टेकला की त्याखाली दोन-तीनशे मीटर जंगल गडप होतं. हातमोजा काढावा तर बोटं गोठतात. पावलं मोजून अंतर काढण्यात त्यांचा हातखंडा, पण भुसभुशीत बर्फात ते पाऊल टाकतात एक आणि घसरतात दोन, मग आकडे पुटपुटत मध्येच थांबून चिडतात, "कोण बोललं आत्ता?" आसपास कुणी नसतं.

स्कीवरून खेळायचं तर हात काठ्यांत अडकतात, म्हणून नकाशा छातीवरच्या आडव्या पाटीवर लावायचा असतो. दाजी ती पाटी नाश्त्यालाही उतरवत नाहीत, आणि लोणावळ्याला डब्यात चढणाऱ्या चिक्कीवाल्यासारखे टेबलाभोवती फिरत असतात. माझा भाचा त्यांच्याकडे दोन पाकिटं मागतो.

निशाणं लावायचं काम या भाच्याकडेच. तो स्कीवरून जातो, त्यामुळे बर्फात त्याच्या दोन स्वच्छ रेघा थेट निशाणापर्यंत उमटतात. त्या धरून गेलं तर पाच मिनिटांचं काम. पण दाजींना ती फसवणूक वाटते. रेघा दिसल्या की ते तोंड फिरवतात आणि टेकडीला वळसा घालून पलीकडून चढू लागतात. एकदा असेच एका धोंड्यापाशी पोचले. नकाशावर धोंडा म्हणजे काळा ठिपका, आणि ठिपक्याच्या जागी बर्फाचा छान उंचवटा! "बघ, आला की नाही बरोबर!" मला हाक मारून त्यांनी कौतुकानं हातानं बर्फ झाडला. धोंड्याला वायपर होते. कुणा केबिनवाल्याची गाडी होती ती. दाजी क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "नकाशा जुना आहे."

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत. त्यातला आठवा सांगतो की वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही. ताईनं तो मराठीत लिहून केबिनच्या दारावर आतून चिकटवलाय. दाजी तो रोज वाचतात, "बरोबर आहे," म्हणतात आणि दार उघडून जातात.

गेल्या ईस्टरला दुपारी गेलेले दाजी जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. फोन केबिनमध्येच चार्जिंगला. ताई आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. संध्याकाळी स्कीचे मार्ग सारखे करणारं मोठं यंत्र समोरून चाललं होतं, ते तिनं हात करून थांबवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, छातीवर पाटी लावलेला माणूस दिसला तर घेऊन या. अर्ध्या तासानं यंत्र परत आलं. दाजी ड्रायव्हरशेजारी बसून, नकाशा मांडीवर पसरून त्याला कुठे वळायचं ते सांगत होते. तो बिचारा मान डोलावत सरळ आमच्या दाराशी आला.

उतरले ते तणतणतच. "कशाला पाठवलंस याला? मी कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं!"

"तुम्हाला होतं हो," ताई वरण गरम करायला ठेवत म्हणाली, "आम्हाला नव्हतं."

दाजी काही बोलले नाहीत. बूट काढता काढता त्यांनी भाच्याला हळूच विचारलं, "चौथं निशाण नक्की कुठे लावलं होतंस रे?" आणि तो सांगायला लागला तसे घाईघाईनं म्हणाले, "नको नको, सांगू नकोस. उद्या बघतो."