हॅरॉल्डच्या आईची बाजू

फिल्म अप्रीसिएशनचा कोर्स केलेला माणूस सोसायटीत एकच असावा असा काही नियम नाही. पण आमच्या सोसायटीत तो एकच आहे आणि तो मी आहे. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऐन उन्हाळ्यात मी हा कोर्स केला. तेव्हापासून मला कुठलाही सिनेमा सरळ बघता येत नाही आणि दुसऱ्यानं सरळ बघितलेला सहन होत नाही. मेहुणीच्या लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकं चालू असताना मी फ्रेमिंगबद्दल बोललो होतो. सासुरवाडीला अजून त्या संध्याकाळची आठवण काढतात.

त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं १४ फेब्रुवारीला ‘काहीतरी हलकंफुलकं, प्रेमाचं, विनोदी’ दाखवायचं ठरवलं आणि अध्यक्षांनी जिन्यात गाठून “तुम्ही त्यातले ना?” असं विचारलं, तेव्हा मी “छे छे, कसचं काय” म्हणालो आणि घरी पोचायच्या आत मनातल्या मनात भाषण लिहायला घेतलं. खजिनदारांचं मत ‘अशी ही बनवाबनवी’ असं होतं. खजिनदारांचं मत दर वर्षी तेच असतं. त्यांना तो तोंडपाठ आहे आणि ते नटांच्या आधी बोलतात.

मी ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ निवडला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हॅरॉल्ड हा अमेरिकेतला वीस वर्षांचा गडगंज पोरगा. काम काही नाही. आत्महत्येची हुबेहूब नाटकं करून आईला घाबरवायचं आणि अनोळखी लोकांच्या अंत्यविधीला हजेरी लावायची, हे त्याचे दोन छंद. मॉडही अशीच परक्यांच्या मयताला जाते; पण तिला पिवळी छत्री, गाणं, नाच, जगातलं सगळं हवं असतं. ती आठवडाभरानं ऐंशीची होणार आहे. या दोघांचं प्रेम जमतं. वात्सल्य वगैरे नव्हे, चांगलं लग्नाची मागणी घालण्याइतकं प्रेम.

पॅरामाउंटनं हा सिनेमा १९७१ साली ऐन नाताळच्या तोंडावर लावला. दिग्दर्शक हॅल ॲश्बी. पटकथा कॉलिन हिगिन्स नावाच्या तरुणाची. सिनेमाच्या पदवीसाठी तिचं पहिलं बाड लिहीत असताना तो एका निर्मात्याकडे पोहण्याच्या तलावाची साफसफाई करत होता. मॉड झालेल्या रूथ गॉर्डन तेव्हा पंचाहत्तरच्या, हॅरॉल्ड झालेला बड कॉर्ट तेवीसचा. समीक्षकांनी सिनेमा धुवून काढला. रॉजर ईबर्टनं दीड तारा दिला. ‘व्हरायटी’च्या समीक्षकाला तर हा सिनेमा पेटलेल्या अनाथाश्रमाइतकाच गमतीदार वाटला. सिनेमा आपटला, पण कॉलेजची पोरं पुन:पुन्हा बघत राहिली. मिनियापोलिसला लागून असलेल्या इडायना गावातल्या वेस्टगेट थिएटरनं तो जो लावला तो दोन वर्षं उलटली तरी उतरवेचना. अखेर आसपासचे रहिवासी हातात फलक घेऊन थिएटरसमोर उभे राहिले, की बाबांनो, पुरे, आता दुसरा काहीतरी लावा. सिनेमा नफ्यात यायला म्हणे १९८३ उजाडलं, आणि १९९७ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयानं राष्ट्रीय ठेवा म्हणून त्याची नोंद केली.

माझं सगळं लक्ष त्या फलकांवर होतं. एका सिनेमापायी रहिवासी रस्त्यावर उतरतात! आमच्या सोसायटीत पाणी नसलं तरी कुणी रस्त्यावर उतरत नाही, व्हॉट्सॲपवर अंगठे टाकतात. मी ठरवलं, हे व्हायलाच हवं. ऐंशीची बाई आणि विशीतला पोरगा बघून कुणीतरी ताडकन उठणार, “हे काय चाललंय?” म्हणणार, निम्मा हॉल रिकामा होणार आणि मी माइक हातात घेऊन शांतपणे बोलायला उभा राहणार. भाषण फुलस्केपवर लिहून खिशात ठेवलं होतं. ‘वय, वासना आणि मध्यमवर्ग.’ बायकोनं शर्ट इस्त्री करताना ते वाचलं आणि इस्त्री तशीच ठेवून ती आत निघून गेली.

क्लबहाऊसच्या भिंतीवर डबल बेडची पांढरी चादर लावली. ती घडीतून काढलेली असल्यामुळे मध्यभागी एक आडवी आणि एक उभी रेघ होती, आणि जिथं त्या छेदत होत्या तिथं पुढचा दीड तास रूथ गॉर्डन यांचं नाक येत राहिलं. मंडळी मफलर, स्वेटर, गुडघ्याचे पट्टे अशा जय्यत तयारीत आली. पहिल्या रांगेत बायपास झालेले तिघं. ऐकू कमी येतं म्हणून ते पुढं.

सिनेमा सुरू होतो तोच मुळी गळफासानं. पोरगा रेकॉर्ड लावतो, मेणबत्त्या पेटवतो, खुर्चीवर चढतो आणि लटकतो. हे दृश्य मी कोर्समध्ये पाहिलं तेव्हा फक्त प्रकाशयोजनेकडे पाहिलं होतं. इथं पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि माझ्याच छातीत धडधडायला लागलं. मी माइक ओढून घेतला आणि ओरडलो, “तो मरत नाही! काळजी करू नका! पूर्ण पिक्चरभर मरत नाही!” जगातल्या एका गाजलेल्या सुरुवातीचं रहस्य मी असं जाहीर करत असतानाच हॅरॉल्डची आई खोलीत येते, लटकणाऱ्या पोराकडे एक नजर टाकते, निवांत फोन करते आणि जेवायला आठ वाजता ये म्हणून निघून जाते.

टाळ्या पडल्या. अगदी मनापासून.

“बरोब्बर केलं तिनं,” ए विंगमधल्या काकू म्हणाल्या. “लक्षच द्यायचं नाही. आमचा परीक्षेच्या वेळी असाच पोट दुखतंय म्हणून लोळायचा.”

इथून पुढं सिनेमा माझ्या हातातून गेला. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की आई म्हणजे भावनाशून्य श्रीमंतीचं प्रतीक. आमच्या हॉलमध्ये ती नायिका झाली. पोरगा मार्गी लागावा म्हणून ती विवाहसंस्थेचा फॉर्म आणते, प्रश्न मोठ्यानं वाचते आणि त्याला तोंड उघडू न देता सगळी उत्तरं स्वतःच्या मनानं भरते. यातला उपहास नीट पोचावा म्हणून मी माइकवरून म्हटलं, “बघा, फॉर्म मुलाचा आणि आवडीनिवडी आईच्या!” कुणी हसलंच नाही. मागून एक आवाज आला, “मग फॉर्म भरायचा कुणी? मुलांना पासवर्ड तरी माहीत असतो का?” चौतीस वर्षांच्या मुलाचं प्रोफाइल चालवणाऱ्या एक काकू उठून माझ्याजवळ आल्या आणि तो फॉर्म पुन्हा एकदा दाखवता येईल का, म्हणाल्या. मी मागं नेऊन दाखवला. त्यांनी फोटो काढला.

मग तीन मुली बघायला येतात आणि हॅरॉल्ड प्रत्येकीला पळवतो. पहिलीच्या देखत खिडकीबाहेर स्वतःला पेटवून घेतो, दुसरीसमोर हात तोडतो, तिसरीसमोर पोटात सुरी खुपसतो. अर्थात सगळं खोटं. तिसरी मुलगी नटी असते. ती त्याच्या कलेवर खूश होते, तीच सुरी उचलते आणि ज्युलिएटचं मरण करून दाखवते. हॉलमध्ये हळहळ पसरली. “ही कशाला सोडली? छत्तीसच्या छत्तीस गुण जुळत होते.” ही चर्चा पुढं पुन्हा उफाळली आणि तीत काका, मानसोपचारतज्ज्ञ आणि धर्मगुरू असे तिघं हॅरॉल्डला पाठोपाठ उपदेश करतात तो भाग वाहून गेला. त्यांच्या पाठीमागच्या भिंतींवर निक्सन, फ्रॉइड आणि पोप यांच्या तसबिरी असतात, हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा अध्यक्ष म्हणाले, “अहो, ऐकू द्या ना.”

आक्षेप आले नाहीत असं नाही. आले, पण भलतीकडून. आई हॅरॉल्डला नवी कोरी जॅग्वार घेऊन देते आणि तो तिची कापाकापी करून छोटी शववाहिका बनवतो. “म्हणजे घरची पुष्पक शववाहिका!” कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला, पण आरटीओतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हसले नाहीत. वाहनाच्या बांधणीत असा बदल केला तर नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो, हे त्यांनी उभं राहून सांगितलं. मॉड दिसेल त्याची गाडी घेऊन सुसाट सुटते, लायसन्स आपल्याला पटत नाही असं हवालदाराला ऐकवते आणि त्याचीच मोटारसायकल पळवते, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठून बसत होते. फुटपाथवरचं मरायला टेकलेलं झाड उपटून ती जंगलात लावायला नेते. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात देखणं प्रकरण. त्यावर उद्यान समितीचे काका म्हणाले, “पुनर्रोपणालाही महापालिकेची परवानगी लागते. आमचा गुलमोहराचा अर्ज अजून पडून आहे.”

अखेर ती सकाळ आली. हॅरॉल्ड उघडा, पलंगावर बसून साबणाचे फुगे उडवतोय. शेजारी मॉड झोपलेली. आदली रात्र दाखवलेली नाही, पण जे समजायचं ते समजतंच. मी माइक तोंडाशी धरला, दुसऱ्या हातानं खिशातलं भाषण चाचपलं आणि श्रोत्यांवर नजर फिरवली. आता कुणीतरी उठणार. खरोखरच मधल्या रांगेतले एक आजोबा उठले.

“काय गाढ झोपलीय हो,” ते म्हणाले आणि बाथरूमकडे गेले.

तेवढं निमित्त पुरलं. कोण कोणती गोळी घेतं, कुणाला तीनला जाग येते, कुणाला साडेतीनला, दूध हळद की जायफळ, यावर रांगेरांगेत बैठका बसल्या. ऐंशी वर्षांच्या बाईला विशीतला प्रियकर आहे याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. तिला झोप लागते याचा मात्र हेवा वाटला.

त्याआधी एका संध्याकाळी दोघं पाण्याकाठी बसलेले असताना मॉडच्या हातावरचा आकडा दिसतो. निमिषभरच. सिनेमा त्यावर एक अक्षर बोलत नाही. तो नाझी छळछावणीतला आकडा आहे, हे मी सांगणार होतो, पण परवानग्यांच्या चर्चेत ते राहून गेलं. खिडकीजवळ बसलेल्या एका आजींनी मला हातानं बोलावलं. त्यांच्या मनगटाच्या वर हिरवट पडलेलं तुळशीवृंदावनाचं गोंदण आहे, त्यावरनं बोट फिरवत त्यांनी विचारलं, “तिच्या हातावर काय गोंदलंय? फूल नव्हतं ते.” मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तरीच. आपल्या माणसांच्या मयताला जायला मिळालं नसेल तिला, म्हणून लोकांच्या जाते.”

कोर्सच्या वह्या मी नंतर चाळल्या. त्यात यातलं काही नव्हतं. हे वाक्य मी आता सगळीकडे माझं म्हणून सांगतो. लोक माना डोलावतात.

ऐंशी पूर्ण होताच मॉड ठरवल्याप्रमाणे गोळ्या घेते. हे मात्र सभेला साफ नामंजूर झालं. “ऐंशी हे काय वय झालं?” असं म्हणणाऱ्या सगळ्या ऐंशीच्या पुढच्या होत्या. “बिचाऱ्याला नादी लावून गेली,” एक जण म्हणाली. “गळ्यात माळ घालून मग जायचं होतं,” दुसरी. जॅग्वार कड्यावरून खाली कोसळली तेव्हा आरटीओवाल्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी हॅरॉल्ड कड्यावर उभा दिसतो, मॉडनं दिलेला बेंजो वाजवत नाचत निघून जातो आणि चादर पांढरी होते.

मी दिवे लावले. भाषणाची घडी उघडली. “मित्रहो, आपल्याला हे पाहून धक्का बसला असेल–”

“वडे गार होतायत,” अध्यक्ष म्हणाले.

वडे खाताना एक काका म्हणाले, हा सिनेमा आला त्याच साली आम्ही ‘सोंगाड्या’ पाहिला होता, त्यातही पोराच्या पाठीशी रत्नमालाची खमकी आई होतीच की. त्यावरून हॅरॉल्डच्या आईचं काम रत्नमालानं कसं केलं असतं हा विषय निघाला, आणि मला कबूल केलं पाहिजे की मॉडपेक्षा तीच जास्त वेळ लक्षात राहिली असती. संघाच्या इतिवृत्तात नोंद आहे: ‘विदेशी कौटुंबिक चित्रपट दाखवण्यात आला. आईचे काम उत्तम.’

इथं सगळं थांबायला हरकत नव्हती. पण त्या बेंजोनं घोळ घातला. बी विंगमधले एक आजोबा तरुणपणी गिरगावात विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो वाजवायचे. आपला बेंजो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग. हॅरॉल्डला पाहून त्यांनी दुसऱ्याच दिवशी तो माळ्यावरून उतरवला, तारा बदलल्या आणि नातवाकडून त्याला स्पीकर जोडून घेतला. रात्री त्यांची झोप पक्की झाली, म्हणतात. कारण रियाज ते दुपारी करतात, एक ते चार.

रविवारी दाराची बेल वाजली. बाहेर जिनाभर माणसं. पुढं सेक्रेटरी, हातात अर्ज, खाली दोन्ही विंगच्या सह्या. पहिलंच वाक्य होतं, ‘आपण दाखवलेल्या इंग्रजी चित्रपटाचा आम्ही सर्व रहिवासी तीव्र निषेध करतो.’ मी ते उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. सगळ्यांना आत घेतलं, बायकोला चहा टाकायला सांगितला आणि अर्जाची मूळ प्रत मला ठेवून घेता येईल का, भिंतीवर लावायची आहे, असं विचारलं.

“ते मग बघू,” सेक्रेटरी म्हणाले. “आधी पोच द्या.”