औषधालाही शिल्लक नाही

कपात हा शब्द सरकारला आवडत नाही. म्हणून कागदावर 'सुधारित अंदाज' असतो, 'प्राधान्यक्रमांची फेरमांडणी' असते, फार झालं तर 'खर्चाचं सुसूत्रीकरण'. हे सोज्वळ शब्द बिनधोक चालवायला जागा कुठली, असं एखाद्या होतकरू अर्थसचिवाने विचारलं, तर हे सदर त्याला कर्करोगावरचं संशोधन सुचवेल. कालव्याचं आवर्तन चार दिवस लांबलं की इंदापूर तालुक्यात दुपारच्या आत रस्ता अडतो. उसाचं बिल थकलं की कारखान्याच्या गेटवर गर्दी होते. रस्त्याचा निधी कापला की ठेकेदार ओरडतो, आणि ठेकेदाराचा आवाज वरपर्यंत चटकन पोचतो. पण दहा वर्षांनी निघणार होतं ते औषध निघालंच नाही, तर ओरडणार कोण? ज्याला ते लागणार होतं त्याला आज आजारच झालेला नाही, आणि होईल तेव्हाही आपलं काय हुकलं हे त्याला कळणार नाही. न लागलेल्या शोधासाठी त्याच तालुक्यातल्या कळसच्या रस्त्यावर कुणी टायर पेटवत नाही. एवढी शांत बचत दुसऱ्या कुठल्याच खात्यात होत नाही.

अमेरिकेने मात्र हे काम उगाच वाजतगाजत केलं. २०२५ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी पुढच्या वर्षासाठी जो प्रस्ताव मांडला, त्यात राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे सुमारे ७.२ अब्ज डॉलर साडेचार अब्जांच्या आसपास आणायचे होते. प्रस्तावाला विरोध झाला, पण त्याच वर्षी आधी मंजूर झालेली अनेक अनुदानं अर्ध्यात रद्द झाली आणि मे महिन्यात परदेशी भागीदार संस्थांना पोटअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली गेली. आपल्याकडे इतका आरडाओरडा करावा लागत नाही, कारण कापायला आधी काहीतरी वाढलेलं असावं लागतं. सगळ्या विषयांवरच्या संशोधनाचा मिळून खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांवर नेऊ, असं २०१३ च्या विज्ञान धोरणात लिहिलं होतं. २०२०-२१ मध्ये तो भरला ०.६४ टक्के. मग २०२३ मध्ये संशोधनासाठी नव्या प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, आणि त्यातले ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार वगैरे मंडळींनी आणायचे ठरले. लग्न धूमधडाक्यात, मंडप ठरला, बँड ठरला, पंगती ठरल्या. खर्च तेवढा वऱ्हाडाने करायचा.

वॉशिंग्टनात कात्री चालली तर कळसला काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला परळ आणि बार्शीपर्यंत जावं लागतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून परळच्या टाटा रुग्णालयाने दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं साधं द्रावण लावून दर दोन वर्षांनी तपासायला शिकवलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पैसा अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतला होता. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांवर असाच मोठा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. तिथला पैसाही परदेशीच, एका धर्मादाय संस्थेचा. हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केलेल्या सुमारे ३४ हजार बायकांच्या गटात या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या ३१ हजारांच्या गटात ६४ गेल्या. आणि गंमत अशी की मुंबईत उपयोगी पडलेल्या व्हिनेगरने इथे एकदाच तपासून काही फरक पडला नाही. विषाणूची चाचणी एकदा पुरते, व्हिनेगर पुन्हा पुन्हा लावावं लागतं, हे कुठल्याही मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसून समजलं नसतं. हे ज्ञान परक्या पैशाने विकत आलं आणि आपल्या बायकांनी जीव देऊन तपासून दिलं. तुलनेच्या गटाचं हे नैतिक ओझं कुणी वाहायचं यावर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण इतक्या महाग मिळालेल्या उत्तरानंतर पुढचा प्रश्न विचारायला पैसे नाहीत, यावर वाद होताना दिसत नाही.

दुसरा आक्षेप बाजारवाल्यांचा. खासगी कंपन्या आहेत ना, त्या करतील की संशोधन. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला हा युक्तिवाद ऐकवून पाहावा. त्याच्या शेतातला ८६०३२ जातीचा ऊस कोइमतूरच्या सरकारी केंद्रात जन्मला, आणि 'दोनशे पासष्ट' म्हणून तो जो ऊस लावतो तो पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. नवं बेणं तयार होऊन शेतात यायला दहाएक वर्षं जातात, आणि एकदा आलं की शेतकरी शेजाऱ्याच्या फडातून टिपऱ्या आणतो, कंपनीला पावती फाडत नाही. म्हणून कंपनी त्या वाटेला जात नाही. कर्करोगात हेच सूत्र जिवावर बेततं. निवोलुमॅब नावाचं औषध नेहमीच्या हिशेबाने दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. भारतातल्या बहुतेकांना ते परवडत नाही. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या बळावलेल्या कर्करोगात ते दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. स्वस्त गोळ्यांवरच्या रुग्णांपैकी वर्षाअखेर १६ टक्के जिवंत होते. त्याच गोळ्यांना ही चिमूटभर मात्रा जोडल्यावर ४३ टक्के. आता सांगा, आपल्या मालाचा खप अठरा पटींनी उतरवणारा प्रयोग कुठली कंपनी स्वतःच्या खर्चाने करेल? आणि हेही अर्धंच उत्तर आहे. पूर्ण मात्रेच्या तुलनेत ही मात्रा किती कमी पडते, हे पाहायला वेगळी चाचणी लागते, म्हणजे वेगळा पैसा. स्तनाच्या कर्करोगात तर त्याहून लाजिरवाणी गोष्ट निघाली. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती साधं बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायकांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जातं. १,६०० बायका, ११ केंद्रं, दहा वर्षांहून जास्त काळ. इंजेक्शनची किंमत शंभर रुपयांच्या आत. इतक्या स्वस्त औषधाची जाहिरात करायलाही कुणी तयार होणार नाही, मग शोध कोण लावणार?

तिसरा आक्षेप सगळ्यांत भारदस्त, कारण तो गरिबाच्या नावाने येतो. आधी उपचार द्या, संशोधन नंतर. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत सोय आहे, ती वाढवा. ती वाढवायलाच हवी. पण योजना ठरलेल्या दराने ठरलेल्या उपचाराचं बिल भरते, आणि तो उपचार अठरा पट महाग असायची गरज आहे का, हे विचारणारा माणूस संशोधनाच्या खोलीत बसलेला असतो. त्याची खुर्ची काढून वाचवलेले पैसे बिलातून व्याजासकट जातात. असंही म्हणतात की शोध लागून उपयोग काय, ते गावात पोचतातच कुठे? बार्शीच्या पट्ट्यातला निष्कर्ष २००९ चा, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या देशभरातल्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. म्हणून शोध बंद करायचे, हा तर्क मोठा झकास आहे. पाइपलाइन गळते तेव्हा विहीरच बुजवावी. वाटप नाही ही एका खात्याची लाज आहे. ती झाकायला दुसऱ्या खात्याचा आड कोरडा पाडला, तर पोहऱ्यात काय येणार, हे सोसायटीच्या साध्या सभासदालाही कळतं.

तरीही वाचवलेला पैसा जातो कुठे, याची ज्यांना खरोखर उत्सुकता असेल त्यांनी अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं चाळू नयेत. तलाठ्याकडे जावं. (त्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, नाव बदलायला निधी लागत नाही.) तिथे सातबारा काढावा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. त्यात कर्करोगाचा उल्लेख नसतो, परळच्या धर्मशाळेतल्या दिवसांचा नसतो, शेवटच्या दोन म्हशी कुठल्या बाजारात गेल्या तेही नसतं. रकाना अरुंद आहे. सोसायटीचं नाव, बोजाची रक्कम आणि फेरफार क्रमांक एवढंच त्यात मावतं.