सेफ्टीकाका आणि बिनवायरची बंदूक

डोंबिवलीत दर चार इमारतींमागे एक निवृत्त सेफ्टी ऑफिसर सापडतो. एमआयडीसी दारात, ठाणे-बेलापूर पट्टा फार लांब नाही, आणि 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा. त्यामुळे पुरवठा भरपूर. नोकरीत असेपर्यंत हा माणूस दुसऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का ते बघत हिंडतो. निवृत्त झाल्यावर डोकी बदलतात, नजर तीच राहते.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला लहानथोर सगळे सेफ्टीकाका म्हणतात. 4 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, शर्टाच्या खिशावर लावलेला हिरवा बिल्ला गणपती येईपर्यंत जागचा हलत नाही. जिना उतरताना एक हात कठड्यावर असतोच. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की नवरा-नवरीच्या आधी ते भिंतीवरचा लाल सिलिंडर गाठतात, चष्मा वर करून रिफिलची तारीख वाचतात, आणि जेवायला बसेपर्यंत मॅनेजरच्या मागे असतात. आहेर काकू देतात.

अशा माणसाला मुलाने साठीनंतरच्या कुठल्याशा वाढदिवसाला बिनवायरची हीट गन दिली. “बाबा, तुमचा वेळ जाईल.” गेला. सगळ्या विंगचा गेला.

आधी काकांनी मॅन्युअल वाचलं, तेही हातात पेन्सिल घेऊन. हीट गनचं मॅन्युअल कुणी समासात खुणा करत वाचेल, असं ते लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल. मग खाली बाकावर बसून आम्हाला प्रवचन. “दिसते हेअर ड्रायरसारखी, म्हणून बायका-पोरं फसतात. ड्रायर केस वाळवतो. ही मोठ्या आचेवर पाचशे अंशांच्या पुढे जाते. कागद अडीचशेच्या आतबाहेर पेटतो. आणि गॅसची ज्योत निळी का होईना, दिसते तरी. हिच्यात दिसायला काही नाही.”

“पण काका, बॅटरीवरची ना? तिच्यात कितीसा जोर असणार?” कुणीतरी म्हणालंच.

काकांनी या प्रश्नाची वाट बघितली असावी. अठरा व्होल्ट, पाच अँपिअर-अवर, गुणाकार नव्वद वॉट-अवर. एवढ्यावर ही जेमतेम पाव तास चालते, हे त्यांनी कबूल केलं. पण पेटायला पाव तास कशाला लागतो? वायरवाली असते तेव्हा वायर पुरेल तितकंच माणूस जातो आणि काही बिनसलं तर प्लग उपटता येतो. ही माळ्यावर चढते, सिंकखाली थिनरच्या डब्याशेजारी जाऊन बसते. पिशवीत टाकली आणि बटण दाबलं गेलं, तर पिशवीतही चालू होईल. म्हणून काम झालं की बॅटरी बाहेर, आणि गार झाल्याशिवाय ती चार्जरवर नाही. कारखान्यात मशीनला कुलूप घालून त्यावर नावाची पाटी लटकवतात, त्या धर्तीवर काका बॅटरी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावतात. पाटीही आहे. ‘काढू नये. माणूस काम करतो आहे.’ माणूस त्या वेळी दुपारची झोप घेत असतो.

पहिलं काम निघालं ते काकूंच्या नव्या स्टीलच्या डब्यावरच्या लेबलाचं. ही लेबलं कोण चिकटवतं आणि त्याचा आपल्याशी काय दावा असतो, देव जाणे. नखाने काढायला जावं तर वरचा चकचकीत पापुद्रा निघतो आणि खालचा कागद पुढच्या पिढीपर्यंत राहतो. काकू असा डबा क्षणभर गॅसवर धरतात आणि लेबल सोलून काढतात. महाराष्ट्रातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत हेच चालतं. काकांनी त्यांना थांबवलं आणि हॉट वर्क परमिट काढलं.

कारखान्यात वेल्डिंग, कटिंग असलं आगीचं काम काढायचं तर आधी हा कागद भरतात. काकांकडे जुन्या फॉर्मांच्या झेरॉक्स होत्या. कामाचं स्वरूप: लेबल काढणे. ठिकाण: ओटा. काकूंची सही ‘एरिया इन्चार्ज’ या रकान्यात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हा हुद्दा त्यांना प्रथमच लेखी मिळाला. एक अडचण मात्र आली. कामाच्या जागेपासून अकरा मीटरच्या आतलं जळाऊ सामान हलवायचं, असा दंडक. पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये अकरा मीटर म्हणजे शेजाऱ्यांचा सोफा धरून जिन्यापर्यंतचा मुलूख. काकांनी शेजारची बेल वाजवली. शेजाऱ्यांनी सोफा हलवला नाही, पण बघायला आले.

मग जे झालं ते, खरं सांगायचं तर, बघण्यासारखं होतं. तेलाची बरणी, फडकी, वर्तमानपत्र ओट्यावरून गेलं. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडकी उघडी. काकू सिंथेटिक साडीत होत्या, त्यांना दाराबाहेर उभं केलं. नायलॉनचं कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. काकांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोळ्यांवर गॉगल, हातात चामड्याचे हातमोजे. बंदूक कमी आचेवर ठेवून वीतभर अंतरावरून त्यांनी ती सारखी फिरती ठेवली, एका जागी म्हणून थांबवली नाही. थोड्याच वेळात लेबलाचा एक कोपरा वळला. काकांनी जुनं एटीएम कार्ड त्याखाली सरकवलं आणि हळूहळू पुढे नेलं. लेबल अखंड, एकाही सुरकुतीशिवाय हातात आलं. मागे राहिलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोटाने गेला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी सफाई गॅसवर येत नाही, एवढं काकूंनीही मान्य केलं.

मग काकांनी जाहीर केलं, की आता अर्धा तास कुणी हलायचं नाही. म्हणजे ते हलणार नव्हते. आगीचं काम संपल्यावर निदान तेवढा वेळ पहारा ठेवायचा, कारण लाकूड किंवा कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि सगळे जेवायला गेले की पेट घेतो. ओटा कडप्प्याचा. त्यावर काय धुमसणार, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. बंदूक नळी वर करून ओट्यावर उभी, शेजारी पाण्याची बादली, आणि स्टुलावर काका. नळी किती गार झाली ते बघायला त्यांनी कोरोनात सोसायटीच्या गेटवर कपाळावर रोखायचो तो थर्मामीटर आणला. माणसाच्या तापापुरतंच बनवलेलं ते यंत्र. आकडा न देता त्याने पडद्यावर ‘हाय’ अशी अक्षरं दाखवली.

“बघा,” काकू दारातून म्हणाल्या, “कुणीतरी बोललं तुमच्याशी.”

त्या दिवशी वरण दीड वाजता लागलं.

काकांची चेष्टा होते, पण ती डोंबिवलीच्या पद्धतीने, जरा हात राखून होते. 2016 च्या मे महिन्यात एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. 2024 च्या मे महिन्यात पुन्हा तेच. ज्या गावाने हे दोनदा ऐकलं आहे, तिथे रेग्युलेटर बंद केला का असं विचारणाऱ्याला कुणी फार हसत नाही. शिवाय काका बरोबर असतात, हा त्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या इमारतीच्या ग्रिलांना रंग द्यायचा ठरला, तेव्हा रंगारी जुना रंग तापवून खरवडणार होता आणि बंदूक काकांकडेच मागायला आला. काकांनी ग्रिलवरचे थर बघितले आणि नाही म्हणाले. घरगुती रंगात शिसं नव्वद पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधीच्या थरांत किती असेल ते कोण सांगणार? जोरात तापवलं तर त्याचा धूर, कोरडं घासलं तर धूळ, आणि खाली पोरं खेळतात. ग्रिलं पाणी मारून, खाली प्लास्टिक अंथरून घासली गेली. रंगाऱ्याने दोन दिवस जास्तीचे लावले. खजिनदार अजून कुरकुरतात.

परवा दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला पोरगा आला. “काका, तुमची गन द्या ना पाच मिनिटं. एक स्टिकर काढायचंय.”

काकांनी फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं. “कामाचं ठिकाण?”

“खाली, पार्किंगमध्ये.”

“स्टिकर कशावर आहे?”

“बाइकच्या टाकीवर.”

काकांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना राग आलेला मी कधी पाहिलेला नाही, तेव्हाही आला नाही. फक्त त्यांनी कमरेची किल्ली चाचपली. मग अगदी शांतपणे टाकीत पेट्रोल किती आहे ते विचारलं, आणि कमी असेल तर वाफ जास्त, म्हणजे ते आणखी वाईट, हेही समजावलं. पोराचा चेहरा पडला. गाडी सेकंडहँड घेतली होती, टाकीवर आधीच्या मालकाच्या प्रेयसीचं नाव होतं.

“फडकं घे,” काका म्हणाले. “गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि त्या नावावर ठेवायचं. गार झालं की पुन्हा. चार-पाचदा केलंस की नाव निघेल.”

पोरगा सुटल्यासारखा दाराकडे वळला. जाता जाता त्याला अवदसा आठवली. “काका, गरम पाण्याला परमिट नाही ना लागत?”

काका विचारात पडले. टोपण पुन्हा निघालं.

“साठ अंशांच्या वर असेल तर लागेल.”