थबकलेल्या चित्राची तहकीकात

हॅरो, लंडन
रविवार, दि. 11 जानेवारी 2026

तीर्थरूप अण्णा व ती. सौ. आईस,



गेल्या आठवड्यात दूरध्वनीवर आपण जे प्रदीर्घ निवेदन केलेत, त्याचा मथितार्थ मी असा समजलो की, धाकट्या काकांच्या चिरंजीवाच्या सल्ल्याने गच्चीवरची जुनी डिश उतरवून आपण इंटरनेटवरून टीव्ही पाहण्याची नवी व्यवस्था घरात रुजू करून घेतली, आणि तेव्हापासून सामन्यातल्या नेमक्या मोक्याच्या क्षणी गोलंदाज हात वर करून जागच्या जागी थिजतो, पडद्याच्या मध्यभागी एक चक्र गरगरू लागते, आणि ते थांबण्यापूर्वीच खालच्या कापडाच्या दुकानातून, जिथे डिश अद्याप शाबूत आहे, "गेऽऽला!" अशी आरोळी माडीवर येऊन थडकते. कोण गेला, कसा गेला, हे आपणांस कळावयास पुढे अर्धे मिनिट जाते. उभी हयात जिल्हा न्यायालयात नाझर म्हणून काढलेल्या गृहस्थास निकाल आधी कळावा आणि सुनावणी मागाहून व्हावी, यासारखी मानहानी नाही, हे मी जाणतो. मात्र, अण्णा, रागावू नये. ही मानहानी आम्ही इथे कैक वर्षे सोसत आलो आहोत, आणि आमच्या बाबतीत ती आरोळी ठोकणारे खुद्द आपण होता.

दिनांक 29 जून 2024 आठवावा. ब्रिजटाउनच्या मैदानावर वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक, दक्षिण आफ्रिकेस 6 चेंडूंत 16 धावा हव्या, चेंडू हार्दिक पंड्याच्या हाती आणि समोर मिलर. इकडे शनिवारची संध्याकाळ होती, पण उन्हाळ्यातली असल्याने खिडकीबाहेर लख्ख उजेड. सौ.च्या हातात शेंगाचटणीची वाटी होती आणि ती खाली ठेवण्याचे भान तिला राहिले नव्हते. फुलटॉस पडला, मिलरने तो समोर उचलला, चेंडू आभाळात गेला, आणि तिथेच राहिला. चक्र सुरू झाले. चिरंजीव पडद्याच्या मागे हात घालून तारा चाचपू लागले, कन्येने "कुणी काही हलवू नका" असे फर्मान काढले, आणि इतक्यात मेजावरचा फोन थरथरला: सोलापूरच्या नव्या पेठेतून आपला संदेश, "सूर्या", आणि पुढे उद्गारचिन्हांची लांबलचक रांग. आता या एका शब्दावरून कोणी काय बोध घ्यावा? सौ.ने सूर्याने झेल सोडला असा अर्थ लावून वाटी ठेवली. चिरंजीवांच्या मते तो सीमारेषेवरच्या फलकावर आदळून जखमी झाला होता. मी मात्र माझ्या स्वभावास अनुसरून आशावादी राहिलो. चित्र पुन्हा हलू लागले तेव्हा सूर्यकुमार चेंडू आत उडवून, रेषेपलीकडे पाऊल टाकून, पुन्हा आत येऊन तो झेलत होता. आणि काकांच्या फोनवरून आपल्या गल्लीतले फटाके आम्हांस त्याआधीच ऐकू येऊन गेले होते. जगातल्या एका अत्युत्कृष्ट झेलाचा आनंद आम्ही अशा रीतीने शिळा करून खाल्ला.

असो. आपण कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात फिर्याद दाखल करण्याच्या विचारात आहात, आणि "समुद्राखालची केबल कुरतडली गेली असावी" असा काकांचा तर्क आहे. माझी विनंती अशी की, फिर्यादीपूर्वी आपल्याच घराचा पंचनामा करावा. आपण पाहता तो सामना थेट समुद्र ओलांडून आपल्या घरी येत नाही. अशा चित्रांच्या प्रती ठिकठिकाणच्या साठवण केंद्रांत ठेवलेल्या असतात आणि बहुधा जवळच्या एखाद्या मोठ्या शहरातूनच आपल्याकडे येतात. तिथून आपल्या दारापर्यंतचा रस्ताही पुष्कळदा निर्वेध असतो. गुन्हा घडतो तो उंबऱ्याच्या आत, असा आमचा इथला अनुभव आहे.

"पण चित्रपट तर सुरळीत दिसतो, मग सामनाच का अडतो?" हा आपला सवाल बिनतोड वाटतो खरा, परंतु त्याचे उत्तर आपल्या मोरीतच आहे. आपल्या शहरास उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी हौद आणि गच्चीवर टाकी. नळ कोरडा असला तरी तोटीला धार लागते, कारण ती धार टाकीतली असते. टीव्हीही आलेले चित्र तत्काळ पडद्यावर न सोडता काही सेकंदांचा साठा आधी करतो आणि त्या साठ्यातून दाखवतो. चित्रपट सबंधच्या सबंध तिकडे तयार असल्याने त्याची टाकी काठोकाठ भरून ठेवता येते. चालू सामन्यातला पुढचा चेंडू मात्र अद्याप टाकलाच गेलेला नसतो, म्हणजे उजनीतच पाणी नाही, मग टाकी भरावी कशाने? साठा बेताचा, आणि म्हणून येणाऱ्या धारेत किंचित खंड पडताच टाकी रिकामी आणि चक्र सुरू. तेव्हा प्रश्न धारेच्या जाडीचा नसून तिच्या अखंडपणाचा आहे. ठळक चित्रास सेकंदाला 5 ते 8 मेगाबिट पुरतात, अतिठळक म्हणजे 4के चित्रासही 25च्या आसपास. आणि आपण बिल भरता 100चे. काकांनी सुचविल्याप्रमाणे 300चे भरल्याने फरक पडेल तो बिलात.

आमच्या घरी ही तहकीकात कन्येने चालविली. हे घर 1930च्या दशकातले. म्हणजे ज्या दशकाच्या आरंभी इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, त्याच दशकात त्यांनी हॅरोत आमच्यासाठी विटांच्या या भिंती उभारून ठेवल्या, आणि वाय-फायच्या लहरींवर त्या भिंतींचा अंमल अद्याप जारी आहे. शिवाय रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत काचतंतू येतो आणि तिथून घरापर्यंत जुनी टेलिफोनची तांब्याची तार, जिच्यातून येण्याचा मार्ग रुंद आणि जाण्याचा अरुंद. या अरुंद मार्गातच मिलरच्या झेलाचे रहस्य दडलेले होते. चिरंजीव आदल्या दिवशी शाळेच्या सहलीहून परतले होते, आणि त्यांचा फोन त्या सहलीची यच्चयावत छायाचित्रे व चलच्चित्रे गुपचूप वर पाठवीत बसला होता. आता आपण म्हणाल, पाठविण्याचा पाहण्याशी काय संबंध? संबंध पोचपावतीचा. आलेल्या मालाची पोच परत गेल्याखेरीज पाठविणारा पुढचा माल त्याच वेगाने रवाना करीत नाही. आणि जाण्याच्या वाटेवर सहलीच्या चित्रांची झुंबड उडाल्याने आमच्या पोचा मोडेममध्येच तुंबून राहिल्या. जिम गेटिस नामक अमेरिकन तज्ज्ञास 2010च्या सुमारास आपल्या स्वतःच्या घरीच हा रोग आढळला आणि त्याने त्यास 'बफरब्लोट' असे नाव दिले; 2012मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उताराही शोधला. टीव्हीतला साठा गुणकारी आणि मोडेममधला अवाजवी साठा अपायकारक, हा विरोधाभास आपण ध्यानी घ्यावा. राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' ही अक्षरे आढळली तर ती चालू करावी. न आढळली तर सामन्याच्या वेळी घरातल्या सर्व फोनांचा बॅकअप सक्त मनाईहुकमाने बंद ठेवावा.

दुसरा आरोपी स्वयंपाकघरात सापडला. सौ.ला चहा गरम लागतो आणि सामना पाहताना तो हटकून निवतो. सबब ती दर थोड्या वेळाने कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवते, आणि कप फिरू लागला की बैठकीत चक्रही फिरू लागते. कन्येने वहीत दोन्ही वेळा टिपून ठेवल्या तेव्हा सौ.ने तो योगायोग असल्याचे सांगून पाहिले. तथापि मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, जुन्या धाटणीचे वाय-फायही 2.4च्या पट्ट्यात, आणि भट्टीच्या दारातून झिरपणाऱ्या यत्किंचित लहरी वाय-फायचा आवाज बुडविण्यास पुरेशा होतात. टीव्ही 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला आणि चहा व सामना यांचे संसार विभक्त झाले.

आता नव्या पेठेकडे येतो. आपला राउटर, माझ्या स्मरणाप्रमाणे, खालच्या जिन्याशी लोखंडी कपाटाच्या मागे, "चोराच्या नजरेस पडू नये" म्हणून ठेवला आहे, टीव्ही माडीवर, आणि मधली भिंत आजोबांच्या काळची, दगडामातीची, हातभर रुंद. त्या भिंतीतून 5चा पट्टा पार होणे दुरापास्त, 2.4चा कसाबसा होईल, पण त्या पट्ट्यात परस्परांवर कुरघोडी न करणारे मार्ग तीनच, 1, 6 आणि 11. आणि आपण राहता बाजारपेठेत, जिथे प्रत्येक दुकानाचा राउटर वेगळा आणि प्रत्येकाच्या कॅमेऱ्याची अहोरात्र पाठवणी चालू. संध्याकाळी गिऱ्हाईक आणि सामना दोन्ही रंगात येतात, त्या घटकेस त्या तीन वाटांवर किती जणांची रेटारेटी होत असेल याचा अंदाज आपण माडीच्या खिडकीतून खाली पाहूनही करू शकाल. यावर रामबाण तोडगा एकच: राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ केबल टाकावी. तिला भिंतीची तमा नाही, शेजाऱ्यांची नाही, मायक्रोवेव्हची नाही. ते न जमल्यास राउटर कपाटाआडून काढून माडीवर, उघड्या जागी, उंचावर मांडावा. इंटरनेटच्या वेगाची चाचणी घ्यावी ती सामन्याच्या वेळी आणि टीव्हीशेजारी. पहाटे जिन्यात उभे राहून घेतलेल्या चाचणीस पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. सर्व करूनही अडत असेल तर चित्राचा दर्जा 'आपोआप' वरून 720वर आणावा. खेळाडूंचे ओठ अस्पष्ट दिसतील, चेंडू दिसेल.

एवढ्याने चित्र थांबावयाचे थांबेल. खालच्या दुकानातली आरोळी मात्र थांबणार नाही. मैदानावरचे दृश्य काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, ॲपलने 2009मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत ते आरंभी दहा-दहा सेकंदांचे असत, आता सहाच्या आसपास असतात. प्रत्येक तुकड्याच्या निरनिराळ्या दर्जाच्या नकला तयार होतात आणि त्या प्रत्येक प्रेक्षकास स्वतंत्र बजावल्या जातात. डिशचे तसे नसते. उपग्रहाने एकदा पुकारले की सगळ्यांनी ऐकले. 19 नोव्हेंबर 2023च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास एकाच अ‍ॅपवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. इतक्यांना पृथक्-पृथक् नकला पोचवायच्या, तर अर्ध्या मिनिटाचा विलंब मला तरी क्षम्य वाटतो. शिवाय चित्र अडून पुन्हा चालू झाले की ते जिथे अडले तिथूनच पुढे जाते, म्हणजे प्रत्येक खोळंब्यागणिक आपण आणखी मागे पडतो. तेव्हा 'लाइव्ह' हे बटण दाबून वर्तमानात परतावे. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन आपण ट्रान्झिस्टर कानाशी धरून ऐकत होता, तेव्हा मुंबईतला चेंडू आणि सोलापुरातली हळहळ यांत अंतर नव्हते; विज्ञानाने इतकी मजल मारून तो काळ हिरावून घेतला, ही तक्रार मात्र मी विनाशर्त मान्य करतो.

येत्या 7 फेब्रुवारीपासून वीस षटकांचा विश्वचषक आपल्याकडे आणि श्रीलंकेत सुरू होतो आणि 8 मार्चला संपतो. तोवर दुकानदारांशी काही सलोखा करता आला तर पाहावा. आपल्या-आमच्यांत मात्र मी एक करारनामा सुचवितो: सामना चालू असता नव्या पेठेतून हॅरोस संदेश धाडावयाचा झाल्यास घटना घडल्यावर दोन मिनिटे हात आवरावा, आणि काकांचा फोन फटाक्यांच्या आवाजाच्या टप्प्यात नसावा.

राहता राहिला आईचा उजर. तिचे म्हणणे असे कळले की, केबल वगैरे काही टाकू नये. मिलर बाद झाला तो चित्र अडले म्हणूनच झाला, आणि ज्या सामन्यात चित्र अडत नाही तो सामना आपण हरतो. पुराव्यादाखल ती तोच 19 नोव्हेंबरचा सामना पुढे करते, जो तुमच्याकडे आणि आमच्याकडे आरंभापासून अखेरपर्यंत तसूभरही न अडखळता दिसला, आणि जो ऑस्ट्रेलियाने 6 गडी राखून जिंकला. आपण न्यायालयात उभा जन्म काढला आहे. या युक्तिवादाचे खंडन आपणच करावे, मजपाशी तरी ते नाही. कन्येने मध्यम मार्ग सुचविला आहे की, साखळी सामने केबलवर पाहावेत आणि अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात सौ.ने चहा गरम करण्यास ठेवावा, परंतु त्यासाठी आमचा टीव्ही पुन्हा 2.4वर आणावा लागेल, आणि त्यास चिरंजीवांची हरकत आहे.

संक्रांत तोंडावर आली आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे चित्रण काकांनी सावकाश, एका हाताने फोन न हलवता करावे, आणि गड्ड्याच्या जत्रेतून आईसाठी काही आणलेत तर आम्हांस कळवावे. तिळगूळ पार्सलाने पोचला. कडक भाकरीही अभंग पोचली. सौ. व मुलांचे नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. — केबल 'कॅट 6' मागावी, आणि जिना व दारांचे वळसे धरून सुतळीने मोजूनच घ्यावी. वायरमनने ती खिळे ठोकून नव्हे, क्लिपा लावून बसवावी, आणि दाराच्या फटीत चेपू देऊ नये. खरेदीस काकांना पाठवू नये. ते भावात घासाघीस करून बचत करतात आणि केबल दोन मीटर आखूड आणतात.