मान माझी, हात तुमचे

"मणक्यात गॅप आलाय," हे हल्ली चाळिशीतली माणसं बढती मिळाल्याच्या सुरात सांगतात. एमआरआयचा लिफाफा लग्नाच्या अल्बमसारखा घरभर फिरतो. मीही फिरवला. ही मानेच्या मणक्यांमधली फुगलेली चकती, ही दबलेली नस! मग वाचनात आलं, की जपानात मान अजिबात न दुखणाऱ्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. झालं, माझ्या गॅपची ऐट तिथंच उतरली.

आता उपचार. एका प्रकारात आपण डोळे मिटून पालथं पडायचं आणि घाम दुसऱ्यानं गाळायचा. दुसऱ्यात आपल्याला एक झेरॉक्स मिळते: हनुवटी मागे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. माझी झेरॉक्स गणपतीपासून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. चुंबक आंब्याचा आहे, छान दिसतो.

साध्या मानदुखीवर अमेरिकेत २०१२ साली एक अभ्यास आला. २७२ माणसं, तीन गट: गोळ्या, हातानं मणके हलवणं आणि घरचा व्यायाम. बारा आठवड्यांनी हातवाले गोळीवाल्यांच्या पुढे होते खरे, पण घरच्या व्यायामवाल्यांनीही त्यांना गाठलं होतं. आणि या व्यायामवाल्यांना शिकवणी किती? तासातासाच्या दोन. चकतीमुळे कळ हातात उतरत असेल, तर बहुधा हातांचे उपचार आणि व्यायाम दोन्ही जोडीनं देतात, आणि बऱ्याच जणांची कळ काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ऑपरेशनशिवाय ओसरते. हातांनी आराम पडतो, नाही कोण म्हणतं? पण तो हात आपल्याबरोबर घरी येत नाही.

आपल्याला मात्र व्यायाम नको, 'कडाक' हवा. केस कापून झाले की सलूनवाला तेलाचा हात डोक्यावर ठेवतो आणि आपण "नको" म्हणेपर्यंत मान वळलेली असते. कडाक! वाटतं, चकती बसली जागेवर. चकती म्हणजे काय ड्रॉवर आहे, ढकलला की बसायला? तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा. अशा हिसक्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याचीही उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत. केस कापायला गेलेल्यानं ही जोखीम घ्यायचं कारण काय?

हातातून कप सुटू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिश नको, व्यायामही नको. थेट डॉक्टरकडे जा.

बाकीच्यांनी आपापल्या फ्रिजकडे वळावं. माझे आज सकाळचे दहा झाले. वीस बाकी आहेत.