भाड्याची खोली पंचांगावर कशी बघावी

नगरमध्ये भाड्याची खोली शोधायला निघालेल्या माणसाने आधी ‘दहा मिनिटं’ या स्थानिक मापाचा अभ्यास करावा. सावेडीहून माळीवाडा दहा मिनिटं, केडगावहून स्टेशन दहा मिनिटं, भिंगारहून कलेक्टर कचेरी दहा मिनिटं. आणि घरमालक उमेदीचा असला तर बोल्हेगावहून सुपा एमआयडीसीही ‘गाडी असली की काहीच नाही’. सुपा तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे हे त्याला ठाऊक असते. तो खोटे बोलत नाही. तो रविवारी पहाटे साडेपाचला, रस्त्यावर फक्त दूधवाला असताना लागणारा वेळ सांगतो. २०२४ मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण माप अजून नगरचेच आहे. त्याला इतिहासाचा आधारही आहे. अहमद निजामशहाने १४९० मध्ये हे शहर वसवले आणि पुढे त्याला तटबंदी झाली, तेव्हा दिल्ली दरवाजातून निघालेला माणूस पायी अर्ध्या तासाच्या आत माळीवाडा वेशीत पोचत असे. वाटेत ओळखीचे भेटले नाहीत तर.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने, आधी याकोव्ह झहावीने केलेल्या प्रवासाच्या मोजणीचा आधार घेऊन, १९९४ मध्ये असे मांडले की माणूस कोणत्याही काळातला असो, रोज जाण्यायेण्यात साधारण एक तास घालवतो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. नगरकरांनी मार्केटीला न वाचताच हा सिद्धान्त पाळला. सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या, आणि शहर वेस ओलांडून सावेडी, भिस्तबाग, बोल्हेगाव करत नागापूरच्या एमआयडीसीला जाऊन टेकले. तासभर होता तो तासभरच राहिला.

तेव्हा हिशोब करायचा तो असा. नागापूरच्या कारखान्यात काम आहे. केडगावची खोली सावेडीपेक्षा महिन्याला १,५०० रुपयांनी स्वस्त मिळते असे धरू. केडगाव शहराच्या दक्षिणेला, नागापूर उत्तरेला, म्हणजे रोज सगळे शहर आडवे. जाताना वीस आणि येताना वीस मिनिटे जास्त लागली, तर कामाच्या पंचवीस दिवसांत हजार मिनिटे, म्हणजे सतरा तास होतात. प्रत्येक खेपेला दहा किलोमीटर जास्त धरले तर महिन्याला ५०० किलोमीटर. गाडीने लिटरला पन्नास दिले तरी दहा लिटर पेट्रोल, सुमारे हजार रुपये. वाचलेल्या दीड हजारातले हजार पंपावर गेले. उरलेल्या पाचशेसाठी माणूस सतरा तास गाडीवर बसला, म्हणजे त्याने स्वतःला तासाला तीस रुपयांवर चालक ठेवून घेतले. चहाच्या टपरीवर कपबशा विसळणारा पोरगा एवढ्यावर दुसऱ्या दिवशी येणार नाही.

हे गणित बरोबर आहे, आणि खोली निवडायला निरुपयोगी आहे. कारण ते सरासरीचे आहे. सीना नदीची वर्षभराची सरासरी काढली तर घोटाही बुडणार नाही. पण जोराच्या पावसात तिचे पाणी कल्याण रस्त्यावरच्या पुलावर चढले की अलीकडचा अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. हजेरीचेही तसेच. तीन लेटमार्कला एक रजा कापणारा हेडक्लार्क सरासरी पाहत नाही. उरलेले बावीस दिवस तुम्ही पाच मिनिटे आधी येऊन खुर्ची पुसत होता, हे त्याच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून खोलीची किंमत नेहमीच्या दिवसावर न ठरवता वाईट दिवसांवर ठरवावी. आणि वाईट दिवस कोणते हे इथे घड्याळाला नव्हे, पंचांगाला विचारावे लागते.

याचे कारण रस्त्याच्या मालकीत आहे. नगरचे मोठे रस्ते नगरचे नाहीतच. मनमाड रस्ता उत्तरेकडच्या ट्रकांचा आणि शिर्डीच्या भाविकांचा, पुणे रस्ता पुण्याचा, सोलापूर रस्ता पंढरीचा. भाडेकरू त्यावर पाहुणा असतो. त्यातही मनमाड रस्त्यावर दिवाळीच्या आसपास एक नवा मालक उतरतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास त्याचे पहिले गाळप झाले आणि जिल्ह्याचे अर्थकारण पालटले, हे आपण शाळेत शिकतो. त्या क्रांतीला मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात हे शाळेत सांगत नाहीत. ट्रॅक्टर, त्यामागे उसाने दुमजली भरलेली ट्रॉली, तिच्यामागे आणखी एक. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही. असलाच तर वाढ्यांच्या झुपक्याआड. चालकाच्या कानाशी गाणे एवढ्या आवाजात की तुमचा हॉर्न त्याला ठेका वाटावा. चढ लागला की पुढची चाके किंचित उचलतात, मागची ट्रॉली डुलते, दोन पोरे धावत येऊन एकेक टिपरू ओढून पळतात, आणि तुमच्यासकट चाळीस वाहने क्रांतीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चालतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठात नोकरी आणि नगरला खोली असे ठरवणाऱ्याने गाळप हंगामाचे चार-पाच महिने वेगळ्या भावाने मोजावेत. हंगाम कधी सुरू होणार ते मंत्र्यांची समिती दरवर्षी ठरवते. घरमालकाशी बोलणी त्यानंतर केलेली बरी.

कल्याण रस्त्याला खोली घेणाऱ्याने कांद्याचा भाव रोज पाहावा. त्या बाजूला नेप्तीचा उपबाजार आहे. भाव चढला की चाळीत राखून ठेवलेला माल एकदम बाहेर निघतो, आणि लिलावाच्या सकाळी पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर यांची रांग लागते. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले म्हणून आनंद मानायचा की पंचिंग चुकले म्हणून कपाळाला हात लावायचा, हा प्रश्न नैतिक आहे. या मार्गदर्शनात तो घेतलेला नाही. बाकीचे दिवस पंचांगात छापलेलेच असतात. ज्येष्ठ-आषाढात त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आणि मागेपुढे असंख्य दिंड्या नगरवरून पंढरीला जातात. दिंडीला हॉर्न मारणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा मारत नाही. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा शिर्डीचे. अमावास्या शनिवारी आली की संभाजीनगर रस्ता घोडेगावपर्यंत शिंगणापूरचा. १ जानेवारीला पेरणे फाट्यावर विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखोंनी लोक येतात आणि नगर-पुणे वाहतूक दुसरीकडून वळवतात. पुण्याला अपडाऊन करणाऱ्याने त्या दिवसाची रजा जुन्या वर्षातच टाकून ठेवावी.

यावर पहिला आक्षेप मोबाइलचा. नकाशा मिनिट न् मिनिट सांगतो, मग पंचांग कशाला? नकाशा आत्ताचे सांगतो. करार अकरा महिन्यांचा असतो. वैशाखात दुपारी तीन वाजता, डांबर वितळत असताना, खोलीच्या दारात उभे राहून नकाशा पाहणाऱ्याला सगळे रस्ते निळे दिसतात. कार्तिकात त्याच नकाशावर तांबडी रेघ उमटते, पण तोवर अनामत घरमालकाच्या भिशीत गेलेली असते.

दुसरा आक्षेप असा की नोव्हेंबर २०२२ पासून शहरात उड्डाणपूल आहे. आहे, आणि छान आहे. पण तो नगर ओलांडून जाणाऱ्याच्या सोयीचा आहे. ज्याला माळीवाड्यातच उतरायचे आहे, त्याला तो वरून त्याचे ऑफिस दाखवतो आणि पुढे नेऊन सोडतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: एवढी कटकट कशाला, कामाजवळच राहावे. सरकारचेही हेच म्हणणे आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि कर्मचारी मुख्यालयी राहतात याला ग्रामसभेचा ठराव हवा, असे ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये ठरवले. गुरुजी रात्री कुठे झोपतात हे ठरावाने निश्चित करणारी ही जगातली बहुधा एकमेव लोकशाही असेल. पण नियम मोजतो काय? रात्री खोलीत दिवा लागतो की नाही; सकाळी शाळा वेळेवर उघडते की नाही याला त्यात ठराव नाही. शिवाय घरात कमावणारी माणसे दोन असतात. बाईंची शाळा पाथर्डीकडे, साहेबांचे ऑफिस सुप्याला आणि मुलाचा क्लास सावेडीत, अशा कुटुंबाने कोणाच्या कामाजवळ राहायचे? जवळ राहण्याचा आणखी एक तोटा जुना आहे. औरंगजेब १६८१ मध्ये कामानिमित्त दक्षिणेत आला, कामाच्या जागीच तंबू ठोकून राहिला आणि १७०७ मध्ये भिंगारजवळ वारला. पंचवीस वर्षांत काम संपले नाही आणि घरीही जाता आले नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून खोली घेणाऱ्याला रविवारी मशीन बंद पडल्यावर पहिला फोन का येतो, हे यावरून कळावे.

एक खर्च मात्र जवळ-लांब दोघांनाही चुकत नाही. शहराला पाणी येते मुळा धरणातून, विळदमार्गे, आणि घरोघरी ते बहुतेक एक दिवसाआड. पाण्याची वेळ आणि शिफ्टची वेळ एकच असेल तर खोली कितीही जवळची असो, ती सोडावी. मोटार लावून कामावर गेलेल्या भाडेकरूची टाकी वाहते, जिन्यातून पाणी खालच्या मजल्यावर जाते, आणि मग जो प्रवास घडतो तो अर्ध्या दिवसाच्या रजेचा असतो.

तेव्हा कृती अशी करावी. खोली पाहायला रविवारी जाऊ नये. हंगाम चालू असताना, शक्य तर लिलावाच्या दिवशी, पहिल्या शिफ्टच्या वेळेला जावे. बरोबर पंचांग, छत्री आणि ज्या गाडीवर रोज जाणार तीच गाडी असावी. मेहुण्याची चारचाकी आणू नये. वेळेवर पोचून दाराशी उभे राहावे आणि किल्ली घेऊन येणाऱ्या घरमालकाला फोन लावावा. तो म्हणेल, ‘आलोच, दहा मिनिटांत.’ लगेच घड्याळात पाहावे आणि तो समोर येईपर्यंतची मिनिटे पंचांगात, त्या दिवसाच्या तिथीसमोर, पेन्सिलीने लिहावीत.