अगदी हलका वापर

ट्रायल्सची मोटारसायकल ही बसायची वस्तू नव्हे. तिला सीट म्हणावी अशी सीटच नसते. वजन 70 किलोच्या आसपास, मागच्या टायरात हवा जेमतेम. शर्यत वेगाची नाही, दगडधोंड्यांतून पाय न टेकता जाण्याची. एकदा टेकला तर 1 गुण, पडलात तर 5, आणि सर्वांत कमी गुणवाला पहिला. (आमच्या वर्गातले कित्येकजण या खेळात चमकले असते.)

ब्रिटनमध्ये दर मे महिन्यात फोर्ट विल्यमची सहा दिवसांची स्कॉटिश ट्रायल पाहून एखादा नवशिक्या जुनी गाडी शोधायला निघतोच. त्याला हवी असते ट्रायल्सचा विश्वविजेता टोनी बोऊ याची असते तशी माँटेसा. बोऊ तिच्यावरून उभा कडा चढतो. याला अजून फुटपाथ चढायचाय.

जाहिरात ठरलेली: ‘अगदी हलका वापर’. इंजिनाखालची संरक्षक प्लेट पाहावी, तर घणाने ठोकल्यासारखी. गाडी मात्र चकाचक. ‘दर रविवारी प्रेशरने धुतो,’ मालक अभिमानाने सांगतो. त्याच फवाऱ्याने मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजमधले ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंग गंजतात. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक वर उचलावे. आधी नुसतेच खटकन वाजते, सस्पेन्शन मग सवडीने हलते. एवढ्यात मालक हवामानाविषयी बोलू लागतो.

नवशिक्याचे लक्ष स्टिकरांकडे. स्टिकर खरोखरच नवेकोरे आहेत.